अठरा पानं राहिली होती

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं म्हणाल, तर तुरीच्या डाळीतले खडे निवडले अन् एका पुस्तकाची पाच पानं वाचली. खडे तिनं निवडले, पानं मी वाचली. मी ओट्यावर उजेडाकडं तोंड करून बसलो होतो, ती सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. दोन दिवसांपासून तिची छाती दाटलेली होती. पण कामाला गेली होती, आली होती, शेळ्यांना पाला टाकला होता. म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

दिवेलागणीच्या आधी मी वाचणं थांबवायचो. कंदिलाच्या उजेडात मला अक्षर फुटतं. त्या दिवशी पान मुडपून पुस्तक मिटलं, तर ती म्हणाली, "अवो, आज शेवट सांगून टाका."

"काहून?"

"उगंच. लई दिस चाललंय हे."

"चार दिसांचं तर राहिलं. अठरा पानं. घाई काय लागून राहिली तुला?"

"त्या बाईला तिचं लेकरू भेटतं का न्हाई, एवढंच सांगा. बाकीचं उद्या वाचा."

"मला तरी काय ठाऊक? मी पुढं पाहिलंय व्हय?"

"मंग पहा ना. शेवटचं पान उलटा. मला अक्षर कळत असतं तर तुमाला कशाला विचारलं असतं?"

"तूच आण घातली मला. पुढचं पान बघायचं न्हाई म्हणून."

"मीच घातली, मीच सोडवते."

"आण का दावं हाय, बांधलं अन् सोडलं?"

ती हसली. हसता हसता तिला खोकला आला. खोकला बसल्यावर म्हणाली, "लई मोठे हेडमास्तर झाले." मग सुपातली डाळ एकदा पाखडली अन् म्हणाली, "बरं. उद्या."

पुढं आम्ही भाकरी खाल्ली. काही बोललोही असू. ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच.

आमच्या गावच्या गुरुजींनी शाळेच्या एका खोलीत वाचनालय काढलंय. त्यांनी मला एक वही दिली अन् म्हणाले, तुम्हाला आवडलेल्या पुस्तकांविषयी हिच्यात लिहा, दुसऱ्या वाचणाऱ्यांना काय घ्यावं ते कळेल. मी म्हणालो, गुरुजी, मी दोन इयत्ता शिकलेला माणूस, त्याही निजामाच्या राज्यात, अन् नंतर सगळं विसरलेला. चाळिशी उलटल्यावर विहारात रात्रीच्या वर्गाला बसून परत अक्षरं गिरवली. मला काय लिहिता येणार? ते म्हणाले, बोलता तसं लिहा. म्हणून लिहितो. पण पुस्तकाचं लिहायला बसलो की तिचंच लिहिणं होतं. त्याला माझा इलाज नाही.

गावात मला लोक वाचणारा म्हणतात. खरं वाचणं तिचं होतं. मी फक्त अक्षरांची मजुरी करायचो.

मी सालगडी होतो. बैलगाडीचं चाक पायावरून गेलं अन् चालणं अर्धं झालं. मग मालकानं काढून टाकलं, मी चार शेळ्या घेतल्या. ती रोजानं निंदायला जायची. पुसेगावच्या बाजूला तेव्हा हायब्रीड ज्वारीचे पट्टे नवे नवे पडत होते अन् निंदणाला बाया कमी पडायच्या. गुरुजी त्यांच्या नावावर हिंगोलीहून पुस्तकं आणून द्यायचे. संध्याकाळी मी तिला वाचून दाखवायचो. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. ती म्हणायची, "उतरून ढकला." मी परत मागून वाचायचो. पाच पानांना पाऊण तास लागायचा.

दुसऱ्या दिवशी ती पाच पानं शेतात जायची.

निंदणीचं ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. बाया एका रांगेत बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, येतात, त्याला पात म्हणतात. पात धरली की खुरपत खुरपत पलीकडच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जायचं, मग वळून दुसरी धरायची. ही मधल्या पातीत बसायची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बायांना ऐकू जावं. पात धरली की पुस्तक सुरू. अन् असं बेतानं सांगायची की धुरा आला की गोष्ट नेमकी अडलेली. नवऱ्यानं दार लावून घेतलं, बाई बाहेर उभी, अन् आला धुरा. बाया म्हणायच्या, "पुढं काय झालं, सांग की गं!" ही म्हणायची, "पात धरा, मंग सांगते." दुसरी पात कधी धरली गेली ते त्यांना कळायचं नाही. शेतवाले घरी येऊन सांगून जायचे, उद्या आमच्याकडं या, तुमची टोळी लवकर उरकते. ही मला म्हणायची, "त्यायला वाटतं आमचे हात चालतेत. चालतं ते तुमचं पुस्तक."

पुस्तकाचं नाव तिनं कधी विचारलं नाही. लिहिणाऱ्याचंही नाही. तिची नावं वेगळी असायची. विहिरीचं. दोन जावांचं. मुक्या न्हाव्याचं. बायांमध्येही तीच नावं चालायची. मग एखादीचा शाळेत जाणारा पोरगा गुरुजींकडं जायचा अन् म्हणायचा, मायनं मुक्या न्हाव्याचं मागितलंय. गुरुजी पहिल्यांदा चक्रावले. मग त्यांनी पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं तीही नावं लिहून ठेवली. आमच्या आळीतल्या, वरच्या आळीतल्या, धनगरवाड्यातल्या, कुणाकुणाच्या घरी पुस्तक जायला लागलं. घरात वाचणारा एक अन् ऐकणारे सात.

तिची पारख मोठी कडक होती. गुरुजी एखादं पुस्तक देताना सांगायचे, याची भाषा सुरेख आहे. मी वाचायला घ्यायचो. ती ऐकायची, ऐकायची, अन् मधेच विचारायची, "हिच्या घरी पाणी कोण भरतं?"

"ते न्हाई लिहिलं."

"तीस पानं झाली. एक डाव तरी कोणी जेवलं का?"

"न्हाई."

"मंग ही माणसं जितेत कशावर? परत देऊन या."

अन् मी देऊन यायचो. गुरुजी विचारायचे, काय झालं? मी म्हणायचो, जेवली नाहीत. त्यांना वाटायचं मी चेष्टा करतोय. आता वहीत लिहायला सांगितलंच आहे तर पहिली गोष्ट हीच लिहितो: ज्या पुस्तकात तीस पानांपर्यंत कोणी जेवत नाही, पाणी भरत नाही, ते घेऊ नका. भाषा कितीही सुरेख असो.

विहिरीचं पुस्तक मात्र घ्या. पण मधे एक गोष्ट झाली ती सांगतो. ते पुस्तक मी एकदा शेळ्यांमागं नेलं. बाभळीखाली बसलो होतो, हात शिवशिवले, पुढची पानं वाचली. त्यातलं पोरगं विहिरीत पडून मरतं. संध्याकाळी मी घरी वाचत होतो ते अलीकडचं, ज्यात पोरगं अजून हुंदडतंय, मायला सतावतंय. मी वाचत राहिलो, पण माझा आवाज बसला असेल. तिनं हातातलं काम ठेवलं.

"पोरगं मरतं ना पुढं?"

मी मान पुस्तकात घातली.

"तुमच्या तोंडावर लिवलंय," ती म्हणाली. अन् अशी भडकली की दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी म्हणालो, अगं, कधी ना कधी कळणारच होतं. तर म्हणाली, "मला ठाऊक नसलं की मी बायांसंग चालते. ठाऊक झालं की मी मुकादम होते. त्या हसून राहिल्या अन् मी नुसती बघून राहिली, हे मला न्हाई जमत." तेव्हा तिनं आण घातली. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं की पुढचं पान बघणार नाही. लेक तेव्हा लग्नाची झाली होती. ती म्हणाली, "पुस्तकापायी माझ्या डोक्यावर हात?"

ही आण मी नऊ-दहा वर्षं पाळली. मला तिचा अभिमान होता. माझ्याजवळ पाळण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आता बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतो, म्हणजे तिचं सांगणं काय होतं ते कळेल. शेतं ओस पडली होती. आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मला पायामुळं बसून फोडायचं काम दिलं होतं, तिच्याच शेजारी. दुपारी सुकडी वाटायचे, घरी लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची भाकरी, जी गिळताना घसा सोलून निघायचा. तेव्हा दोन जावांचं पुस्तक चाललं होतं. त्यातल्या धाकटीला दीर घराबाहेर काढतो, ती दोन लेकरं घेऊन एका देवळाच्या मागं राहते. खडी फोडता फोडता हिनं ते सांगितलं. धूळ उडत होती, डोळ्यांत पाणी होतंच, रडलं कोण अन् धुळीनं कोण, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारची म्हातारी फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आली. ही म्हातारी म्हणजे आमच्या हिची जोडीदारीण, माझ्या लग्नापासून मला दाजी म्हणणारी अन् एका शब्दानं माणसाला खाली बसवणारी. फडक्यात मिलो होता. सात-आठ घरांतून मूठ मूठ काढलेला.

"दाजी, हे तिला पोचतं करा."

"कोणाला?"

"त्या धाकटीला. देवळामागं ऱ्हाती ना. तुमी बाजाराला जाता, तुमाला ठाऊक आसंल."

मी म्हणणार होतो की अगं ती पुस्तकातली बाई आहे, ती कुठं असते का. माझ्या ओठावर आलं होतं. हिनं माझ्या दुखऱ्या पायावर पाय दिला अन् म्हातारीला म्हणाली, "व्हय, पोचवतेत."

घरी आल्यावर मी ओरडलो. "वेड लागलंय का? पुस्तकातली बाई खाती काय मिलो?"

"तुमी गपा. पुस्तक खोटं आसंल. मिलो खरा हाय."

बाजारच्या दिवशी आम्ही दोघं हिंगोलीला गेलो. यष्टी स्टँडच्या भिंतीला एक आंधळी बाई बसायची, तिच्याजवळ एक पोर. हिनं तो मिलो तिच्या पदरात ओतला. बाईनं हातानं चाचपून पाहिलं अन् म्हणाली, "मीठ न्हाई का गं?" ही खडी फोडायला परत आल्यावर बायांनी विचारलं, काय म्हणली ती? हिनं सांगितलं, "मीठ मागून राहिली." सगळ्या हसल्या. पुढच्या बाजाराला मिठाची पुडी आली. ती पुडीही मीच नेऊन दिली. आता मी ओरडलो नाही.

हे गुरुजींना मी कधी सांगितलं नव्हतं. आज लिहितो आहे ते वाचतील.

शेवटचं पुस्तक जत्रेचं. त्यात एका बाईचं लेकरू जत्रेत हातातून सुटतं. ती गावोगाव मजुरी करत त्याला शोधत फिरते. कुठं उसाच्या फडात, कुठं वीटभट्टीवर, जिथं जाईल तिथं लेकराची उंची हातानं दाखवून विचारते, एवढं होतं हो. अन् वर्षामागून वर्ष जातं तरी ती उंची तेवढीच दाखवते. आमच्या हिला हे फार लागलं. ती शेतात सांगताना हात तसाच धरायची म्हणे, खुरप्यासकट. पुस्तक जाडजूड होतं. दीड महिना चाललं. हायब्रीड गुडघ्याएवढं झालं, पहिली निंदणी संपून दुसरी लागली, तरी चाललंच होतं.

त्या संध्याकाळी तिनं शेवट विचारला. ते मी वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा ती अंथरुणात नव्हती. मला वाटलं, नेहमीसारखी आधी उठली. बाहेर आलो तर अंगण अर्धं झाडलेलं. खराटा मधेच पडलेला. ती शेळ्यांच्या खुंटाजवळ भिंतीला टेकून बसलेली. मी म्हणालो, "काय झालं गं?" हात लावला. हात लावल्यावर कळलं. शेळी तिच्या पदराचं टोक चावून राहिली होती. मी शेळीला लाथ मारली. उभ्या जन्मात शेळीला लाथ मारली नव्हती.

लोक जमले. लेक कनेरगाव नाक्याकडं दिलेली आहे. यष्टीवाल्याजवळ निरोप धाडला. ती दुपारी आली. बुद्धवंदना झाली, दिवस कलताना तिला नेलं, अग्नी दिला, परत आलो. सगळं बराबर झालं. जे करायचं ते लोकांनी केलं, मी उभा राहिलो.

घरी आल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. "बा," ती म्हणाली, "माय शेवटी काय बोलली?"

मी काय सांगणार होतो? तुझी माय माझ्याकडं एक गोष्ट मागत होती अन् मी दिली नाही, हे सांगू? मी म्हणालो, "तुझं नाव घेतलं."

लेकीनं तोंडात पदर कोंबला अन् खूप रडली. मी भिंतीकडं पाहत राहिलो. खोटं बोलण्याचा माझा स्वभाव नाही. गावात मी तोंडावर बोलणारा म्हणून बदनाम आहे. पण ते खोटं इतकं सोपं आलं की मलाच भीती वाटली.

वहीत लिहायचं म्हणून इथं एक लिहितो. पुस्तक सुचवताना शेवट सांगू नये म्हणतात. गुरुजीही म्हणतात. तुम्ही सांगू नका. पण कोणी तोंडानं मागितला तर देऊन टाका. माणूस शेवट कशाला मागतंय ते आपल्याला कळत नाही. मला नाही कळलं. पस्तीस वर्षांपेक्षा जास्त संसार केला त्या बाईसोबत, तरी नाही कळलं. मी आण सांभाळत बसलो.

तिच्या मागचा पहिला दिवस उजाडला. आमच्यात सुतक पाळत नाहीत, पण माणसं दोन-तीन दिवस दारात बसून राहतात. मी तसा बसलो नाही. लेक चुलीपाशी होती. मी पुस्तक घेतलं अन् काठी टेकत शेताकडं निघालो. वाटेत एक-दोघांनी विचारलं, "कुठं निघाले?" मी चालत राहिलो. मागून कोणीतरी म्हणालं, डोकं फिरलं बिचाऱ्याचं.

बाया कामावर आल्या होत्या. निंदण थांबत नाही, गवत थांबत नाही, अन् त्यांना रोज बुडवून चालत नाही. रांग लागलेली होती. मधली पात त्यांनी तशीच सोडली होती. दोन्ही बाजूंनी माती काळी निघाली होती अन् मधे तो हिरवा पट्टा. मला पाहून त्या उठल्या अन् रडायला लागल्या.

"रडू नका," मी म्हणालो. "कुठवर सांगितलं होतं तिनं?"

कोणाला काही कळलं नाही. म्हातारी पुढं आली.

"दाजी, कशाचं म्हणून राहिले?"

"जत्रेचं. कुठवर आलं होतं?"

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाई नदीपाशी आली. नाव पल्याडच्या काठावर. तिथवर."

म्हणजे पाच पानं मागं. त्या शेवटच्या संध्याकाळी मी वाचलेली पाच पानं हिच्याजवळ होती, ती या बायांपर्यंत आलीच नव्हती. मी तिथून उघडलं.

"बसा," मी म्हणालो, "काम करा. मी वाचतो."

मी धुऱ्यावर उभा राहून वाचू लागलो. तेवीस पानं. जोडाक्षर आलं की अडलो. त्यांनी कोणी घाई केली नाही. त्या पुढं सरकल्या की आवाज पोचेना, म्हणून मीही पिकाच्या ओळींमधून त्यांच्या मागं मागं सरकायचो. हिच्यासारखं मला कुठं थांबावं ते कळत नव्हतं. धुरा आला तरी मी वाचतच होतो. बाया न सांगता वळत होत्या. एकदा मी म्हणालो, "मला तिच्यासारखं येत न्हाई." एक तरणी बाई म्हणाली, "येत न्हाईच मामा. वाचा तुमी." मला बरं वाटलं ते. खरं बोलली.

ऊन वर आलं तेव्हा शेवटचं पान आलं. त्या बाईला तिचं लेकरू भेटतं. एका शिंप्याच्या घरी वाढलेलं, मिसरूड फुटलेलं. दारात उभं राहून विचारतं, कोण पाहिजे? ती हातानं दाखवते, एवढं होतं हो, अन् मग तिचा हात हळूहळू वर जातो, त्याच्या डोक्याएवढा. तिथं पुस्तक संपतं.

भेटतं. एवढं एकच सांगायचं होतं. अठरा पानं उलटायला मला किती वेळ लागला असता? डाळीतला एक खडा निवडायला लागतो तेवढा.

बाया हात थांबवून बसल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "बरं झालं गं माय. भेटलं." दुसरी म्हणाली, "मावशी असती तर हात करून दाखवला असता."

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "तिनं मला विचारलं होतं. परवा सांजच्याला. भेटतं का न्हाई, एवढंच सांगा म्हणाली. मी सांगितलं न्हाई."

म्हातारीनं खुरपं खाली ठेवलं. "काहून?"

"आण होती."

"कोणाची?"

"तिचीच."

"मंग तिनंच विचारलं ना?"

"व्हय. सोडवते म्हणाली."

"मंग?"

मी उत्तर शोधलं. दोन इयत्तांत काही शिकवलं असेल, विहारात काही शिकलो असेन, इतक्या पुस्तकांत काही वाचलं असेल. काही सापडलं नाही. म्हातारी माझ्याकडं पाहतच राहिली. तिनं मला धीर दिला नाही अन् शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर चाललं असतं.

मागं भांड्याचा आवाज झाला. लेक धुऱ्यावर उभी होती, हातात चहाची किटली अन् कपबशा. मला शोधत आली होती. कधीपासून उभी होती मला ठाऊक नाही.

"म्हंजे," ती म्हणाली, "मायनं माझं नाव घेतलंच न्हवतं तर."

"न्हाई," मी म्हणालो.

ती खाली बसली अन् चहा ओतायला लागली. आधी म्हातारीला दिला, मग बाकीच्यांना, एकेकीला, कपबशी विसळून विसळून. शेवटचा कप माझ्या हातात दिला. माझ्याकडं पाहिलं नाही. किटली उचलून ती आल्या वाटेनं परत गेली.

चहा प्यालो. बाया कामाला लागल्या. मला घरी जायला तोंड नव्हतं. मी पुस्तक दगडावर ठेवलं, म्हातारीजवळचं एक जास्तीचं खुरपं घेतलं अन् मधल्या पातीत बसलो. पाय दुमडत नव्हता, तो लांब करून बसलो. पुरुषमाणूस निंदायला बसलेलं त्या बायांनी कधी पाहिलं नव्हतं. कोणी हसलं नाही.

थोडं पुढं गेल्यावर म्हातारी म्हणाली, "दाजी, ज्वारी उपटून राहिले तुमी."

मी पाहिलं. खरंच उपटली होती, चार-पाच ताटं. ती परत मातीत खोचली, बोटांनी भोवती माती दाबली. मग गवत कोणतं अन् ज्वारी कोणती ते एकेक पाहून खुरपत गेलो. धुरा येईस्तोवर मान वर केली नाही.